माकुलावरचे जीवाणू: गाळलेल्या द्रवाचा प्रयोग

हर्णैच्या लिलावातून आणलेल्या माकुलावरचे (म्हणजे स्क्विडवरचे) चमकणारे जीवाणू अगरवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीवर, वेगळे काढून झाले. पद्धत जुनीच: माकूल न धुता ३ टक्के मिठाच्या पाण्यात अर्धवट बुडवून थंड जागी ठेवायचं, दुसऱ्या रात्री डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि निळसर ठिपका काडीने उचलायचा. (लाट फुटताना चमकते ती नॉक्टिल्युका, समुद्रातला एक एकपेशीय जीव; तिला चमकायला धक्का लागतो. हे जीवाणू सतत तेवत राहतात.) नुसत्या रंगावरून जात ठरत नाही, व्हिब्रिओ आणि फोटोबॅक्टेरियम हे दोन्ही जीवाणू असेच चमकतात, म्हणून वहीत मी फक्त 'माकूल-१' लिहिलंय.

आता मुद्द्याचं. विरळ असताना हे जीवाणू काळोखात असतात, दाटी झाली की उजळतात. व्हिब्रिओ फिशेरी या चमकणाऱ्या समुद्री जीवाणूबद्दल १९६८ मध्ये केम्पनर आणि हॅन्सन यांचं म्हणणं होतं की ताज्या पोषकद्रवातच प्रकाश रोखणारं काही असतं आणि जीवाणू ते संपवतात. १९७० मध्ये नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी दाखवलं की जीवाणू स्वतःच एक रेणू बाहेर सोडतात आणि तो पुरेसा साठला की प्रकाश सुरू होतो. लक्स-आय हे प्रथिन तो रेणू बनवतं, लक्स-आर त्याला धरून प्रकाशाची जनुकं चालू करतं. त्याच जनुकांच्या रांगेत लक्स-आयचंही जनुक आहे! म्हणजे निरोप मिळाला की निरोप पाठवणंही वाढतं. अख्ख्या विषयात मला याहून देखणं काही दिसलेलं नाही.

म्हणून उजळलेल्या बाटलीतला द्रव ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळला. जीवाणू मागे राहिले. दोन बाटल्यांत सारखंच विरळ विरजण लावलं. एकीत दहावा हिस्सा हा गाळलेला द्रव, दुसरीत तेवढाच कोरा पोषकद्रव. दोन्ही सारख्याच हलवत ठेवल्या, कारण प्रकाश पाडणाऱ्या ल्युसिफरेज या प्रथिनाला ऑक्सिजन लागतो. पहिली बाटली तासभर आधी उजळली, आणि तेव्हा गढूळपणा दोन्हींत सारखाच दिसत होता. रोखणारा पदार्थ दहाव्या हिश्शाने असा कितीसा कमी होणार? माझा कौल निरोपाच्या बाजूने आहे.

तरी मंडळी, एवढ्यावर थांबणं बरोबर नाही. पुढच्या खेपेला विसावा आणि चाळिसावा हिस्सा घालून बघणार आहे. बाटल्या बर्फाच्या डब्याशेजारी, कारण आपल्याकडच्या उकाड्यात चमक मंदावते. कुणी करणार असाल तर हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर लांब राहा, आणि काम झाल्यावर सगळं ब्लीचमध्ये बुडवूनच टाका. फोटो काढताना एक्सपोजर किती सेकंदांचं ठेवलं तेही लिहा, म्हणजे आपल्या बाटल्या एकमेकांशी ताडून बघता येतील.