आमची वाटचाल : दोरावरचा कॅमेरा

जीवधनशेजारच्या वानरलिंगी सुळक्यावर आम्ही पहिलं पैसे मिळणारं चित्रीकरण केलं, तेव्हा कॅमेरा भाड्याचा होता, दोर मात्र स्वतःचे. आम्ही तिघं भागीदार मूळचे प्रस्तरारोहक. आजही हातात पैसे आले की आधी दोर घेतो, मग लेन्स.

या धंद्याचं वेड लागलं ते परदेशी फिती बघून. १९९५ साली ईएसपीएननं अमेरिकेत ऱ्होड आयलंडला 'एक्स्ट्रीम गेम्स' हे धाडसी खेळांचे सामने भरवले, तेच पुढे एक्स गेम्स झाले. १९९९ मध्ये युरोपात निव्वळ अशा खेळांना वाहिलेली 'एक्स्ट्रीम स्पोर्ट्स चॅनल' ही वाहिनी निघाली. त्या काळातल्या स्केटबोर्डिंगच्या फिती बघताना माझं लक्ष उडीपेक्षा कॅमेरा धरणाऱ्याकडे जायचं. तो स्वतःही स्केटबोर्डवरच असायचा, खेळाडूच्या अगदी मागे, खूप रुंद दृश्य टिपणारी फिशआय लेन्स जमिनीलगत धरून. खेळणाराच टिपतो म्हणून ते खरं वाटतं. सह्याद्रीचं चित्रीकरणही असंच व्हावं, एवढंच आमच्या मनात होतं.

आपला कातळ बेसॉल्टचा. मध्येच घसारा, गवत, हाताला येणारे सुटे दगड. त्यामुळे कॅमेरामनला चढाई करणाऱ्याच्या दोरावर आम्ही कधीच ठेवत नाही. त्याचा दोर वेगळा, अँकर (दोर अडकवायचा कातळातला आधार) वेगळा, आणि प्रत्येक वस्तू हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना, बांधलेली. दीडशे फुटांवरून बॅटरी निसटली तरी खालच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. चित्रीकरणाआधी एक फेरी फक्त आग्या मोहोळं शोधायला असते. पोळं दिसलं की जागा बदलायची, ग्राहक कितीही नाराज होवो. ड्रोनची तारीखही २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार लाल-पिवळ्या-हिरव्या क्षेत्रांचा नकाशा पाहूनच ठरते.

एका मोठ्या कामात समोरच्यांनी हेल्मेटशिवाय चढाई मागितली. चेहरा दिसायला हवा म्हणे. आम्ही नकार दिला आणि काम गेलं. त्या वर्षी लग्नांचं चित्रीकरण करून हप्ते फेडले. त्या नकाराबद्दल आजही मला समाधान वाटतं. चढाईची संस्कृती बिले देणाऱ्याच्या, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याच्या, दोरावर खिळलेल्या हातात असते, गाठ दुसऱ्याकडून तपासून घेण्यात असते, दगड सुटला की वरून येणाऱ्या 'रॉक!' या आरोळीत असते. ती आरोळी आम्ही संकलनात कापत नाही, संगीताखाली दाबतही नाही. गिर्यारोहण संस्थांनी आमच्यावर विश्वास टाकला तो यामुळेच, असं त्यांच्याच मंडळींनी सांगितलं. पुढची बहुतेक कामं त्यांच्या ओळखीतून आली.

पावसाळ्यात धबधब्यावरचं रॅपलिंग, हिवाळ्यात कामशेतचं पॅराग्लायडिंग, मधल्या काळात संकलन, असं वर्ष सरतं. यंदा दोन नवी मुलं आली आहेत. दोघांनाही कॅमेरा छान येतो. सध्या ती दर रविवारी आमच्यासोबत कातळावर बिले द्यायला शिकताहेत. कॅमेरा दिवाळीनंतर हातात देऊ.