काट्यांची ट्रॉली

परवा दुपारी अमळनेर-चोपडा रस्त्यावर काट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांची, ट्रॉली अडकली. खाली ट्रॉली जेमतेम सहा फूट रुंद, वर भारा तिच्या दुप्पट. एकीकडून टपरीच्या पत्र्याला घासतोय, दुसरीकडून विजेच्या तारेशी लगट करतोय. मागे एसटी, तिच्यामागे केळीचा टेम्पो. एरवी अशा खोळंब्यात हॉर्नने कान किटले असते, पण काट्यांवर कोणी चिडत नाही. एसटीच्या खिडकीतून एक म्हातारबा ओरडले, ‘भाऊ, एक पेंडी टाकी जाय ना!’ आणि अर्धी गाडी हसली. माघ चालू होता, बाजारात वांगी होती. सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार, काट्यांवरचं भरीत.

वऱ्हाडात पऱ्हाट्या म्हणतात, आपल्याकडे खानदेशात काट्या. खरं तर कपाशीला काटा एकही नसतो. बोचतात ती फुटून रिकाम्या झालेल्या बोंडांची वाळकी टोकं. वेचणीला जाणाऱ्या बायांची बोटं पाहिली की नावाबद्दल तक्रार उरत नाही.

चार बाय दीड फुटांवर लावलेली कपाशी म्हणजे एकरी सव्वासात हजार झाडं, आणि तितकीच सोटमुळं. वेचणी संपेपर्यंत काळी जमीन दगडासारखी आवळून आलेली असते. हाताने ओढलं तर झाड मधूनच मोडतं. म्हणून चिमटा. लांब लोखंडी दांडा, खाली दातेरी जबडा. खोड जमिनीलगत पकडायचं आणि दांडा दाबायचा. पकड चार बोटं वर गेली की नुसती साल सोलून निघते, मूळ जागचं हलत नाही. शहाणा माणूस आधी हलकं पाणी देतो, वाफसा आला की उपटायला घेतो. घाईतला कुऱ्हाडीने छाटून मोकळा होतो. मग ते तिरपे खुंट ट्रॅक्टरच्या टायरात शिरतात नाहीतर बैलाच्या खुरात.

उपटण्याआधी ठेलाऱ्यांच्या, म्हणजे मेंढपाळांच्या, मेंढ्या बसवल्या तर पाला आणि अर्धवट कैऱ्या, म्हणजे न फुटलेली बोंडं, त्या साफ करतात, वर लेंड्यांचं खत. हा व्यवहार कुठल्याही पुस्तकाआधीचा आहे.

मग काट्या खळ्यात येतात. उभ्या रचल्या तर लवकर वाळतात. आडव्या रचल्या तर पोटात ओल धरतात, आणि त्याच पोटात कोंबडी अंडी घालते, कधी साप निघतो. तिथून त्यांना गाव वाटून घेतं. चुलीला, कुडाला, परसातल्या वईला म्हणजे कुंपणाला, वालाच्या वेलाला आधार म्हणून. विकत घ्यायची वस्तू नव्हतीच ती. ज्याच्याकडे कपाशी नाही तोही ‘दोन पेंड्या नेतो’ म्हणून नेऊ शकत होता. नेणाऱ्याने विचारायचं आणि देणाऱ्याने नाही म्हणायचं नाही, एवढा एकच नियम.

आणि भरीत. इथे जरा थांबायलाच हवं, कारण गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणणाऱ्यांशी वाद घालायची माझी फार जुनी खोड आहे. बामणोदकडचं हिरवट, पांढऱ्या रेघांचं, मोठालं वांगं घ्या. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. आकाराच्या मानाने हलकं वांगं निवडायचं, त्यात बी कमी. अळीचं भोक देठाजवळही शोधायचं. गॅसची आच एकाच जागी लागते. साल कोळसा होते आणि गाभा कच्चा राहतो. बाभळीचे निखारे वांगं सावकाश सुकवतात. काट्यांची आग मात्र भडकते, चहूबाजूंनी चाटते आणि वांगं शिजेस्तोवर विझत येते. खाली काट्यांचा थर, त्यावर टोचे मारून तेलाचा हात लावलेली वांगी, वर पुन्हा काट्या. टोचे विसरलात तर वांगं फटकन फुटतं आणि अर्धा गर राखेत. काट्या ओल्या असतील तर धूर धरतो, मग भरीत कडवट. लांब काठीने उलटंपालटं करायचं. शिजलं की नाही हे पोटाशी दाबून पाहू नये, देठापाशी दाबावं; तिथला भाग सगळ्यात शेवटी शिजतो.

सोलायचं गरम असतानाच, देठ धरून. पाण्याने धुवायचं नाही, चव वाहून जाते. राखेचे चार कण पोटात गेले तर गेले. किलोभर वांग्यांना आठ-दहा हिरव्या मिरच्या आणि एक गड्डी लसूण, लाकडी बडगीत ठेचून. मिक्सरमध्ये त्याचा लगदा होतो, तो लहान बाळाला द्यावा. तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात घसघशीत, वरून कोथिंबीर. टोमॅटो घालणाऱ्यांनी खुशाल घालावा, फक्त त्याला दुसरं काही नाव द्यावं. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी.

कुठे होतो? काट्या.

आता त्या खळ्यापर्यंत येतच नाहीत. ट्रॅक्टरला श्रेडर लावतात, दुपारभरात उभं रान भुगा होऊन मातीत जातं. बरोबरच आहे ते. न फुटलेल्या कैऱ्यांत गुलाबी बोंडअळी सुप्त बसते आणि काट्यांची गंजी म्हणजे तिचं आयतं घर. 2017 च्या हंगामात तिने काय केलं ते कपाशी लावणाऱ्या कोणाला सांगावं लागत नाही. एक पाणी जास्त देऊन फरदड ठेवायची, म्हणजे वेचून झालेलं पीक पुढे लांबवायची, हौसही तेव्हाच महाग पडली. भुगा केला तर जमिनीला सेंद्रिय खत, अळीचा बंदोबस्त, मजुरीही वाचते. हिशेबात कुठेच खोट नाही. फक्त पेंडी कोणाकडे मागायची हे कळत नाही. भरिताच्या पार्टीला काट्या आता विकत आणतात म्हणे.

जाणता माणूस काटी हातात घेऊन वर्ष वाचतो. खाली पेरं लांब, मध्ये एकदम आखूड, म्हणजे तेव्हा पावसाने ओढ दिली. फांद्या बुडापासून असतील तर सुरुवात चांगली. शेंड्यालाच बोंडं असतील तर खालचं फूलपातं गळलं. छातीपर्यंत आलेली काटी भरल्या वर्षाची.

तारेत अडकलेली एक फांदी तुटली आणि ट्रॉली सुटली. एसटी हलली, म्हातारबांना पेंडी मिळाली नाही, ते अजून हसत होते. चालकाने मात्र एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ट्रॉली पुढे गेल्यावर भाऱ्याची मागची बाजू दिसली. काट्या जेमतेम मांडीपर्यंतच्या उंचीच्या होत्या.