ऑफस्टेडची बेल आणि पावणेदहाची हजेरी वही

सोमवार, रात्री

इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या चाइल्डमाइंडरला तपासणीची तारीख महिनाभर आधी कळत नाही. ऑफस्टेड, म्हणजे इथली शिक्षण आणि बालसंगोपनाची सरकारी तपासणी यंत्रणा, सहसा एक फोन करते, आणि तोही जास्तीत जास्त पाच दिवस आधी. पाच दिवस ही वरची मर्यादा आहे, हमी नव्हे. तयारीला वेळ मिळावा म्हणून तो फोन येतो, हा मोठा गैरसमज. घरी मुलं कोणत्या दिवशी असतात, किती वयाची असतात, किती वाजेपर्यंत असतात, हे विचारायला तो येतो. नर्सरी रोज भरलेली असते. चाइल्डमाइंडरकडे मात्र बुधवारी पाच वर्षांखालचं एकही मूल नाही, असं सहज असू शकतं. रिकाम्या घरात इन्स्पेक्टर येऊन बघणार काय?

तक्रार किंवा काळजीचं काही कारण ऑफस्टेडपर्यंत पोहोचलं असेल, तर हा फोनही येत नाही. थेट दारावरची बेल.

बरं, फोन कुठल्या वर्षी येईल? जुना हिशेब असा होता: नवीन नोंदणीनंतर पहिली तपासणी ३० महिन्यांच्या आत, पुढची साधारण सहा वर्षांच्या चक्रात, आणि दर्जा कमी ठरला तर पुष्कळ लवकर. सहा वर्षांचं चक्र म्हणजे विसरायला भरपूर मुदत. २०२५ मध्ये सरकारने हे आवळायचं जाहीर केलं: एप्रिल २०२६ पासून पहिली तपासणी १८ महिन्यांत आणि नंतर किमान चार वर्षांतून एकदा. थेट ऑफस्टेडकडे न जाता चाइल्डमाइंडर एजन्सीमार्फत नोंदणी केलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या घरी एजन्सीची माणसं येतात, ऑफस्टेड एजन्सीला तपासते. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये यंत्रणाच निराळ्या, तिथल्या मैत्रिणींचे सल्ले इकडे जसेच्या तसे लावू नयेत.

मंगळवार

फोनबद्दल थोडं अजून, कारण गडबड इथूनच सुरू होते.

ऑफस्टेड नोंदणीत असलेल्या नंबरवर फोन करते. नंबर बदलला, ईमेल बदलला आणि कळवायचं राहिलं, की पाच दिवसांतले दोन तिथेच गेले. अनोळखी नंबर म्हणून फोन कापायची सवय सगळ्यांनाच आहे, आणि फोन यायचा तो नॅपी बदलताना किंवा शाळेच्या फाटकाशी उभं असताना. मुलांना सोडून फोनकडे धावायची काहीच गरज नाही. व्हॉइसमेलवर आपलं नाव आपल्या आवाजात असावं, निरोप ठेवणाऱ्याला योग्य ठिकाणी पोहोचल्याची खात्री पटते, आणि मुलं झोपली की लगेच उलटा फोन करावा. व्हॉइसमेल भरून गेलेला असणं हे सगळ्यात वाईट.

फोनवर खरं तेच वेळापत्रक सांगावं. मंगळवारी सकाळी दहा ते साडेअकरा वाचनालयातल्या गाण्यांच्या तासाला जातो, तीनला शाळेकडे निघतो, शुक्रवारी फक्त एक बाळ असतं, हे सगळं. काही जणी बाहेरचे कार्यक्रम गाळून ‘आठवडाभर घरीच आहोत’ असं सांगतात. मग मुलांना रोजची बाग मिळत नाही, ती किरकिरतात, आणि इन्स्पेक्टरला दिसतं ते नेहमीच्यापेक्षा वाईट घर. फोननंतर मूल आजारी पडलं, पालकांनी रजा घेतली, तर तेही कळवावं. घरात मृत्यू, गंभीर आजारपण अशा कारणांसाठी तपासणी पुढे ढकलण्याची विनंती करता येते. ‘घर रंगवायला काढलंय’ हे कारण चालेल असं वाटत नाही.

पालकांना त्याच दिवशी दोन ओळींचा निरोप टाकावा. इन्स्पेक्टर पालकांचं मत विचारात घेतात. सकाळी सोडायला आलेल्या आईशी दारातच बोलणं होऊ शकतं, किंवा पालकांनी लिहून दिलेलं पुरतं. ‘खूप छान सांभाळतात’ या वाक्याचा उपयोग कमी. ‘इथे यायला लागल्यापासून तो जेवताना आपला चमचा आपण धरतो’ हे कामाचं.

बुधवार, मुलं गेल्यावर

हजेरी वही. सगळ्या कागदांत ही सगळ्यात साधी, आणि अवेळी आलेल्या माणसासमोर उघडी पाडणारीही हीच.

नियमाला हवी असते रोजची नोंद: मुलाचं नाव आणि ते प्रत्यक्ष किती वाजता आलं, किती वाजता गेलं. करारातल्या वेळा नव्हेत. दोन पद्धतींनी घोटाळा होतो. एक, शुक्रवारी संध्याकाळी बसून आठवडाभराचं भरायचं. दोन, सोमवारीच करारावरून पूर्ण आठवडा भरून टाकायचा. दुसरी जास्त घातक. इन्स्पेक्टर सकाळी पावणेदहाला वही मागते आणि वहीत मूल साडेपाचला घरी गेल्याची नोंद तयार! यावर काय उत्तर देणार? आग लागली, सगळ्यांना बाहेर काढलं, तर आत कोण राहिलं हे याच वहीवरून मोजायचं असतं, म्हणून हा केवळ कागदाचा दोष धरला जात नाही. वही किंवा टॅबलेट दाराजवळ ठेवावा आणि मूल पालकाच्या हातून आपल्या हातात आलं की तिथल्या तिथे वेळ टाकावी.

सप्टेंबर २०२५ पासून गैरहजेरीही यात आली. मूल न सांगता आलं नाही, तर पालकांकडे चौकशी करायची. शक्य तिथे प्रत्येक मुलासाठी दोनपेक्षा जास्त आपत्कालीन नंबर हवेत. चौकशीचा फोन किती वाजता केला ते त्याच रकान्यात लिहिलं की वेगळं काही करावं लागत नाही.

मुलांच्या संख्येचा हिशेबही याच वहीतून निघतो. आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा, त्यात लहान मुलं, म्हणजे पाचवा वाढदिवस झाल्यानंतरचा १ सप्टेंबर न उलटलेली, जास्तीत जास्त तीन, आणि एक वर्षाच्या आतलं साधारणपणे एकच. आपली स्वतःची मुलंही मोजायची. भावंडांसाठी किंवा स्वतःच्या बाळासाठी सूट घेता येते, पण ती का घेतली आणि सगळ्यांच्या गरजा कशा भागतात, हे सांगता आलं पाहिजे. सकाळी अकराला संख्या नेहमीच बरोबर असते. बिघडते ती साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान, शाळेतली मुलं आलेली असतात आणि एका बाळाची आई ट्रॅफिकमध्ये अडकलेली असते. वहीत मिनिटं खरी असतील तर ही अर्ध्या तासाची गर्दी दिसते, आणि मग वेळा पुन्हा ठरवता येतात. इन्स्पेक्टरने ती शोधून काढण्याआधी आपणच शोधलेली बरी.

बुधवारचीच पुरवणी

औषधांची वही लिहायची राहिली. प्रत्येक औषधाला पालकांची लेखी परवानगी, प्रत्येक वेळी दिलेल्या डोसाची नोंद, आणि पालकांना त्याच दिवशी किंवा शक्य तितक्या लवकर खबर. मागच्या हिवाळ्यातली बाटली कपाटात तशीच असते, मूल केव्हाच दुसरीकडे गेलेलं असतं. महिन्याच्या पहिल्या दिवशी कपाट रिकामं करून बघावं.

गुरुवार

फोन आल्यावर पहिली धाव साफसफाईकडे जाते. खेळणी धुणं, भिंतीवर चित्रं चिकटवणं, गादीची खोळ बदलणं. याला फार तर एक संध्याकाळ द्यावी. पाच दिवसांत दुरुस्त होऊ शकत नाहीत अशा गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या सगळ्या तारखांच्या आहेत.

प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपतं. चाइल्डमाइंडरला लागतो तो लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा पूर्ण, किमान १२ तासांचा कोर्स. सहा तासांचा छोटा कोर्स करून मोकळ्या झालेल्यांची पंचाईत इथे होते. शनिवारच्या तुकड्या आधीच भरतात, म्हणून मुदतीच्या तीन महिने आधी जागा धरावी. मदतनिसाला थोडा वेळही एकटीवर मुलं सोपवायची असतील, तर तिचंही प्रमाणपत्र चालू हवं आणि पालकांची परवानगीही. बालसुरक्षेच्या प्रशिक्षणाची उजळणी आता दोन वर्षांनी. सार्वजनिक दायित्वाचा विमा, म्हणजे आपल्या कामात दुसऱ्या कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा, दरवर्षी. गाडीतून मुलांची ने-आण करत असाल तर गाडीच्या विम्यात व्यवसायाचा वापर नमूद केलेला हवा. आपोआप नूतनीकरण होताना तो शब्द कधी गळून पडला हे कळतही नाही.

आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी तारीख: घरातल्या कुणाचा तरी सोळावा वाढदिवस. चाइल्डमाइंडरच्या घरात राहणाऱ्या सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी, लागते, आणि घरात असं नवीन माणूस आलं की १४ दिवसांत ऑफस्टेडला कळवायचं असतं. आपलाच मुलगा, परवापर्यंत सहावीत होता, तो कुठला नवीन माणूस? पण इन्स्पेक्टर घरात कोण कोण राहतं हे विचारतेच. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे काही महिने राहायला येणार असतील, तर तिकीट काढतानाच ऑफस्टेडला विचारून उत्तर लेखी ठेवावं. ते आल्यावर नको.

या सगळ्या तारखा एका कागदावर, फ्रीजच्या दारावर. फोनमधलं स्मरणपत्र आपण बोटाने सरकवून टाकतो.

लेखी धोरणांबद्दल मात्र उगाच घाबरवलं जातं. ईवायएफएस, म्हणजे लहान मुलांच्या संगोपनाची आणि शिक्षणाची सरकारी नियमावली, जानेवारी २०२४ पासून चाइल्डमाइंडरसाठी वेगळी निघाली. तिच्यात लेखी धोरणं सक्तीची नाहीत. आपण काय करतो, हे पालकांना आणि इन्स्पेक्टरला समजावता आलं पाहिजे, एवढंच. विकत आणलेली साठ पानांची फाइल मोबाइल आणि कॅमेऱ्याबद्दल एक म्हणते आणि आपण वागतो निराळं, यापेक्षा फाइल नसलेली परवडली. लेखी लागतं ते वेगळं: अपघातांची नोंद, औषधं, तक्रारी आणि त्यांचा निकाल (तक्रारदाराला २८ दिवसांत कळवायचा), मूल दोन ते तीन वर्षांचं असताना त्याच्या प्रगतीचा पालकांना दिलेला लेखी सारांश. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असं.

शुक्रवार

बेल वाजली की आधी ओळखपत्र. नीट वाचून, फोटो पाहून, शंका आली तर ऑफस्टेडला फोन करून मगच दार उघडावं. हा उद्धटपणा धरला जात नाही, उलट न बघता आत घेतलं तर तिथेच प्रश्न उभा राहतो. पाहुण्यांच्या वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यावी. खात्री पटल्यावर मात्र अडवणूक करू नये. आत येण्याचा त्यांना कायद्याने अधिकार आहे.

वेळ अडचणीची असेल तर तशीच असू द्यावी. जेवणं चालू आहेत? इन्स्पेक्टरला बसायला सांगून आपण मुलांसमोरच राहावं. खाताना मुलं नजरेसमोर हवीत, त्यांचं ऐकू यायला हवं. घशात अडकलेला घास आवाज करत नाही. द्राक्षं उभी चिरलेली आहेत का, हे बघणारी नजर समोर बसलेली असते. सगळी झोपली आहेत? मग झोपेची पद्धत दिसते: बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, आणि आपण थोड्या थोड्या वेळाने जाऊन बघतो की नाही. पाहुणीला काही दाखवावं म्हणून झोपलेलं मूल उठवणं, याइतकं वाईट तिला दाखवण्यासारखं दुसरं काही नाही.

प्रश्न बहुतेक एकाच दिशेने येतात. हे मूल सध्या काय शिकतंय? हा खेळ त्याच्यासाठी का काढला? पुढे काय? ‘रंग ओळखतोय’ या उत्तरावर पुढचा प्रश्न हमखास येतो. ‘तो दोन शब्द जोडायला लागलाय, म्हणून मी पाणी ओतताना ‘अजून पाणी’, ‘संपलं पाणी’ म्हणत राहते’, यावर येत नाही. बालसुरक्षेचे प्रश्न सरळ असतात: मुलाच्या अंगावर वळ दिसला तर कुणाला सांगाल? तुमच्याच घरातल्या माणसावर आरोप झाला तर? स्थानिक परिषदेचे नंबर पाठ नसले तरी चालतं, कुठे लिहिलेत ते माहीत हवं. आरोपाची खबर ऑफस्टेडलाही १४ दिवसांच्या आत जायला हवी, हे पुष्कळ जणी विसरतात.

शनिवार

नोव्हेंबर २०२५ पासून एका शब्दातला निकाल गेला, आता वेगवेगळ्या विषयांचं रिपोर्ट कार्ड मिळतं. बालसुरक्षेला मात्र दोनच उत्तरं: पूर्ण किंवा अपूर्ण.

आणखी एक बेल असते, तिची कुणी फारशी आठवण ठेवत नाही. मुलांना खायला देणाऱ्या चाइल्डमाइंडरची खाद्यव्यवसाय म्हणूनही नोंद होते. २०१४ पासून ती ऑफस्टेडच्या नोंदणीतूनच स्थानिक परिषदेकडे जाते. त्यामुळे परिषदेचा अन्न-स्वच्छता अधिकारी ऑफस्टेडशी संबंध न ठेवता आपल्या सवडीने येऊ शकतो. तो फ्रीजचं तापमान बघतो, कच्चं मांस खालच्या कप्प्यात आहे का बघतो, ॲलर्जीची यादी मागतो. फ्रीज ५ अंशांवर किंवा त्याखाली, थर्मामीटर आतच ठेवलेला. चाइल्डमाइंडरसाठीची अन्नसुरक्षेची तयार वही फूड स्टँडर्ड्स एजन्सीने काढलेली आहे, ती भरत गेलं की पुरतं.