तुम्ही विचारलंत म्हणून: खाली असलेली गाणी

मुलांना क्लासला सोडायला येणारे पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात. तबला शिकवणाऱ्या बाईंच्या फोनची रिंगटोन 'पोलिस' या इंग्लिश बँडची कशी? आणि ऐंशीच्या दशकातल्या पॉप-रॉकमधली तुमची आवडती गाणी तरी कोणती? दारात उभ्या उभ्या मी एक-दोन नावं सांगते आणि आत वळते, कारण तोवर कुणीतरी तबल्यावरचा कायदा, म्हणजे ठरलेली रचना, चुकवलेला असतो. आज नीट सांगते.

सुरुवात एका अर्धवट गाण्यापासून करावी लागेल. मी वाईची. 1986 च्या सुमारास माझ्या मामेभावाने साताऱ्यातल्या एका दुकानातून साठ मिनिटांची कॅसेट भरून आणली होती. कागदावर गाण्यांची नावं लिहून द्यायची, चार दिवसांनी कॅसेट घ्यायला जायचं, अशी पद्धत. ए बाजूला शेवटचं गाणं होतं फिल कॉलिन्सचं 1981 मधलं 'इन द एअर टुनाइट'. मागे यंत्राचा बारीक ठेका, त्यावर धुक्यासारखे पसरलेले सूर, आणि तो माणूस जवळजवळ पुटपुटल्यासारखा गातो. आता काहीतरी होणार, आता होणार, असं वाटत राहतं. आणि खट्! टेप संपायची, बटण वर उडायचं. दुकानदाराने मिनिटांचा हिशेब केलाच नव्हता. वर्षभर मी ते गाणं तेवढंच ऐकलं. ते तेवढंच असतं अशी माझी समजूत होती, आणि मला ते अपुरं कधी वाटलं नाही.

पुढे पुण्यात मावशीकडे गेले असताना ते पूर्ण ऐकायला मिळालं. साडेतीन मिनिटं उलटून गेल्यावर ड्रम येतात. येतात म्हणजे कोसळतात. मी जमिनीवर बसले होते, ती ताठ उठून बसले. मावशी स्वयंपाकघरातून बघायला आली.

त्या आवाजामागची हकिगत मला फार आवडते. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गायक पीटर गेब्रिएलच्या 1980 च्या अल्बमचं काम चाललं होतं आणि ड्रमवर कॉलिन्स होता. आतल्या वादकांचं बोलणं बाहेर ऐकू यावं म्हणून छताला एक माइक टांगलेला असतो. बारीक बोलणंही कळावं म्हणून त्याचा आवाज दाबून एकसारखा केलेला असतो. कॉलिन्स वाजवत असताना तो माइक चालू झाला आणि ड्रमचा प्रचंड आवाज ऐकू आला. ध्वनिमुद्रक ह्यू पॅडघमने तो आवाज धरून ठेवला आणि त्याची घुमणारी शेपटी मधेच कापून टाकली. घुमारा सुरू होतो आणि एकदम बंद होतो. तबला वाजवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. खुला बोल वाजवून लगेच हात ठेवून तो दाबला तर जे होतं, तेच हे.

तेव्हा मी तबला शिकत होते आणि आमचे गुरुजी तालातल्या 'खाली' या जागेवर फार वेळ घालवायचे. सोळा मात्रांच्या, म्हणजे ठोक्यांच्या, तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, पुढे 'धिं'चा 'तिं' होतो, डग्गा, म्हणजे जाड आवाजाचा डावा, गप्प बसतो. चौदाव्या मात्रेला तो परत बोलतो आणि मग समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, ओढ लागते. नवशिक्याला वाटतं, खाली म्हणजे काहीतरी कमी झालं. खरं तर समेला वजन येतं ते या गप्प बसण्यामुळे. मला ऐंशीच्या दशकातली जी गाणी मनापासून आवडतात, त्यांच्यात ही खाली आहे. ते दशक म्हणजे सिंथेसायझरचा गोंगाट, असं लोक सर्रास म्हणतात. तसाही माल भरपूर आहे, 'युरोप'चं 'द फायनल काउंटडाउन' वरातीत वाजलं तर मीही नाचेन. पण माझी गाणी वेगळी.

प्रिन्सचं 'व्हेन डव्हज क्राय' घ्या. साल 1984. त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात चाललेलं गाणं, आणि त्यात बेस गिटारच नाही. वाजवली नव्हती असं नाही. सगळी वाद्यं प्रिन्सने एकट्याने वाजवली होती, बेससुद्धा. मग शेवटी ती काढून टाकली. नाचायच्या गाण्यातून बेस काढायची म्हणजे अख्खं गाणं डग्ग्याशिवाय वाजवायचं. खालीच खाली, सम कोरडी. ऐकताना पायाखाली जमीन नाही असं वाटतं, आणि गाणं आहेही घर मोडल्याचंच. माझ्या मते त्या दशकातला तो सगळ्यात धाडसी निर्णय.

रिंगटोनचं गाणं 'एव्हरी ब्रेथ यू टेक', 1983 चं. 'पोलिस'ची ही मंडळी 1980 च्या मार्चमध्ये मुंबईत वाजवून गेली होती, तेव्हा मी चौथीतही नव्हते. अँडी समर्सची गिटार ऐका. पूर्ण कॉर्ड तो कधी वाजवत नाही, सुटे सूर एकामागून एक टाकत जातो, हाताने तार किंचित दाबून. स्ट्युअर्ट कोपलंडसारखा चपळ ड्रमर इथे साधा ठेका धरून बसतो. ज्याच्या हातात इतकं आहे, त्याने इतकं कमी वाजवणं फार अवघड असतं. लोक याला प्रेमगीत समजतात. बँडचा गायक स्टिंगने ते स्वतःचं लग्न मोडत असताना लिहिलं, आणि त्यातला माणूस पाळत ठेवणारा आहे, हे त्यानेच सांगितलंय. इतकं गोड गाणं आणि आत असं काही, म्हणून ते मला अजून जुनं वाटत नाही.

'क्वीन' आणि डेव्हिड बोवी यांचं 1981 मधलं 'अंडर प्रेशर' माझ्या यादीत कायम वर असतं. जॉन डीकनची बेस सगळ्यांना पाठ असते, पण मी मधल्या जागेची वाट बघते. सगळं ओसरतं, चुटक्या उरतात, आणि मग 'क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरीचा आवाज चढत चढत जातो. शेवटीही चुटक्याच. 1991 च्या नोव्हेंबरात तो गेला, त्यानंतर कधीतरी मला कळलं की मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारुख बलसारा, आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला होता. पियानो तिथेच शिकला, शाळेतल्या मुलांच्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये वाजवायचा. पसरणीचा घाट चढला की पाचगणी! मी त्या रस्त्याने एसटीने कितीदा गेले असेन. तेव्हापासून घाटाच्या शेवटच्या वळणावर मला हटकून त्याची आठवण येते.

आणि ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार'. 11 जून 1988 ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा जलसा होता. गायक स्टीव्ही वंडरच्या वाद्याची डिस्क ऐनवेळी सापडेना. मधली वेळ भरून काढायला चॅपमनला पुन्हा उभं केलं. आधीच एकदा गाऊन झालेली, चोविशीतली, फारशी कुणाला माहीत नसलेली मुलगी, एक गिटार घेऊन. एवढ्या मोठ्या मैदानाला तिने गप्प केलं. त्याच सप्टेंबरच्या शेवटी ती दिल्लीत गाऊन गेली. मला ते दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं, आणि मी दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

कुठून सुरुवात करू, असंही काहीजण विचारतात. 'बिली जीन'पासून करा. मायकल जॅक्सन तोंड उघडण्याआधी जवळजवळ अर्धा मिनिट नुसते ड्रम आणि बेस चालतात. निर्माता क्विन्सी जोन्सला ते लांबलेलं वाटलं, कापायचं होतं. जॅक्सन म्हणाला, त्यानेच तर मला नाचावंसं वाटतं. आणि ते राहिलं. तो अर्धा मिनिट बोटाने पुढे ढकलू नका.