आमची वाटचाल : ज्येष्ठमध ते गानत्साओ

सिंगापूरला सेरंगून रोडजवळ आम्ही नवरा-बायकोने काष्ठौषधींचं दुकान टाकलं, तेव्हा गिऱ्हाईक बहुतेक आपलंच होतं. हिरडा, बेहडा, सुंठ, अडुळसा आणि ज्येष्ठमध यांवर दुकान चालायचं. हळूहळू चिनी बायका येऊन ज्येष्ठमधाची कांडी हातात घ्यायच्या आणि विचारायच्या, हे आमचं गानत्साओच ना?

गानत्साओ म्हणजे चिनी ज्येष्ठमध. दोन्ही मुळं एकाच कुळातली. इराण-अफगाणिस्तानातून आपल्याकडे येते ती एक जात. चीनमधल्या इनर मंगोलिया, निंगशिया, गान्सूच्या कोरड्या पट्ट्यात वाढते ती मुख्यत्वे दुसरी. औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या चीनच्या औषधकोशाला दोन्ही चालतात, मात्र मुळाला गोडी देणारं ग्लिसिऱ्हायझिक आम्ल किमान २ टक्के हवं. मग आम्ही चिनी मालही ठेवायला लागलो.

खरेदीत आमचा सगळा जीव असतो. काप उजेडात धरायचा. साल तांबूस-तपकिरी, आत पिवळा गाभा आणि मधून कडेला गेलेल्या बारीक रेघा दिसायला हव्यात. काप फारच लख्ख पिवळा असेल आणि नाकाला झोंबत असेल, तर गंधकाची धुरी दिलेली असते. तो माल कितीही स्वस्त मिळो, आमच्याकडे येत नाही. रानातून उपटलेलं मूळही आम्ही घेत नाही. या खोदाईने वाळवंट पसरतं, म्हणूनच चीन सरकारने २००० साली तिच्यावर निर्बंध आणले. लागवडीच्या मुळाला तीन-चार वर्षं जमिनीत राहावं लागतं. त्याचा भाव आम्ही आनंदाने मोजतो.

चिनी वैद्य कच्चे काप घशासाठी, खोकल्यासाठी देतात. मधात परतलेले अशक्तपणा आणि मंद पचनासाठी. पोटऱ्यांत गोळे येत असतील तर पांढरी पिओनी या फुलझाडाच्या मुळाबरोबर काढा देतात. जपानमध्येही तो आजवर वापरात आहे. शिवाय इतर औषधांचा उग्रपणा सौम्य करायला चिनी काढ्यांत हे मूळ जागोजागी पडतं.

पण गोड आहे म्हणून रोज चहात टाकायची ही वस्तू नव्हे. जास्त दिवस घेतलं की शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. एकदा लेकीकडे आलेल्या ठाण्याच्या मावशी अर्धा किलो मागायला लागल्या. माझ्या बायकोने विचारलं, "मावशी, बीपीची गोळी चालू आहे का?" "आहे की गं, पण ज्येष्ठमध तर आम्ही लहानपणापासून चघळतो!" "तेव्हा गोळी नव्हती ना, मावशी. आधी डॉक्टरांना विचारा, मग मी स्वतः बांधून देते." त्या दिवशी त्या नुसती सुंठ घेऊन गेल्या. गरोदर बायका, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांनाही आम्ही हेच सांगतो. विक्री बुडते, बुडू दे.

मधात परतलेले काप आता आम्ही घरचेच करतो. १०० भाग कापांना २५ भाग मध. तो उकळत्या पाण्यात सैल करून कापांना चोळायचा, पुरता मुरू द्यायचा आणि मंद आचेवर परतायचं. काप गडद पिवळे झाले, हाताला चिकटेनासे झाले की आच बंद. गार झाल्यावरच पाकीट भरतो, आणि कुणी घेऊ नये ते पाकिटावर मराठी, तमीळ आणि चिनी या तिन्ही भाषांत ठळक छापतो.