पंतप्रधान निवडायला मत आहे, खासदार निवडायला नाही

कॅनडात मी अजून नागरिक झालेले नाही, पर्मनंट रेसिडेंट आहे. म्हणजे टॅक्स पूर्ण भरायचा, पण देशाच्या निवडणुकीत मत नाही. तरीही २०२५ च्या मार्चमध्ये पुढचा पंतप्रधान कोण, हे ठरवणाऱ्यांत मी होते.

६ जानेवारीला पंतप्रधान जस्टिन ट्रूडोंनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. सत्ता लिबरल पक्षाची, त्यामुळे पक्षाचा नवा नेता तोच पंतप्रधान. आपल्याकडे अशा वेळी नाव दिल्लीहून येतं. इथे नोंदणी केलेले सदस्य मत देतात. सदस्यत्व फुकट आणि वयाची अट १४ वर्षं! पूर्वी कॅनडात राहणारं कुणीही चालायचं. परकीय हस्तक्षेपाची चर्चा तापल्यावर पक्षाने या वेळी नियम आवळले, पण पर्मनंट रेसिडेंट त्यात बसले.

घरच्या फोनवर पहिला प्रश्न यायचा, ‘आपला कोणी आहे का?’ मूळचे कर्नाटकातले चंद्रा आर्य आणि पंजाबी वंशाच्या रुबी धल्ला, दोघांनीही तयारी केली होती. पक्षाने दोघांनाही मतपत्रिकेपर्यंत पोचू दिलं नाही. उरले चौघं.

क्रिस्टिया फ्रीलंड माझ्या मनात पहिल्या होत्या. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत व्यापार कराराच्या वाटाघाटी त्यांनी केल्या होत्या आणि आता तेच ट्रम्प कॅनडाला अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य म्हणत होते. डिसेंबरात ट्रूडोंना खरमरीत पत्र लिहून अर्थमंत्रिपद सोडण्याची धमकही त्यांनीच दाखवली. पण आदल्याच वर्षी अर्थसंकल्पात स्वतः मांडलेली भांडवली नफ्यावरची करवाढ त्या आता रद्द करू म्हणायला लागल्या, तिथे माझा विश्वास डळमळला. इतकी वर्षं मंत्रिमंडळात बसून एकदम पाहुण्यासारखं बोलता येत नाही.

मार्क कार्नी यांना ती अडचण नव्हती. आधी बँक ऑफ कॅनडा, मग बँक ऑफ इंग्लंड, अशा दोन देशांच्या मध्यवर्ती बँकांचे ते माजी गव्हर्नर. मात्र आयुष्यात एकही निवडणूक लढवलेली नव्हती. ट्रम्प यांच्या टॅरिफच्या, म्हणजे आयातशुल्काच्या संकटात असा माणूस हवा, हे पटत होतं. मॉन्ट्रियलच्या फ्रेंच वादसभेत मात्र ते अडखळले. हमासबद्दल बोलताना तोंडून भलतंच निघालं आणि फ्रीलंडनी तिथल्या तिथे सावरून घेतलं. फ्रेंच भाषकांच्या क्वेबेक प्रांतात मतं मागायची तर फ्रेंच नीट हवी. बाकी मोजून-मापून बोलणं मला आवडलं, कंटाळवाणं असलं तरी. (ट्रूडोंनंतर थोडा कंटाळा चालला असता.)

मॉन्ट्रियलचे उद्योजक फ्रँक बेलिस माजी खासदार, बोलायचे सरळ, पण ते जिंकतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

करीना गूल्ड सदतिशीच्या. दिवसाला १० डॉलरच्या पाळणाघर योजनेचे करार पुढे नेणाऱ्या मंत्र्यांपैकी एक. कॅनडात लहान मुलं वाढवणाऱ्याला विचारा, सरकारने काय केलं, तर बहुतेकदा हीच योजना आठवेल. कार्बन कराबाबतही त्यांनी कार्नी-फ्रीलंडसारखी पूर्ण माघार घेतली नाही. वाढ थांबवू, एवढंच म्हणाल्या.

मतपत्रिका पसंतीक्रमाची होती (पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला, तर मत दुसऱ्या पसंतीला जातं), म्हणून मन आणि हिशेब दोन्ही सांभाळता आले. पहिली पसंती गूल्ड, दुसरी कार्नी. शिवाय प्रत्येक मतदारसंघाला सारखेच १०० गुण आणि ते मतांच्या प्रमाणात वाटायचे. म्हणजे जिथे सदस्य थोडे, तिथल्या एका मताला वजन जास्त. आमच्या शहरी, सदस्यांनी भरलेल्या भागात माझं मत म्हणजे खिसाभर चिल्लर.

९ मार्चला ओटावात निकाल लागला. कार्नी ८५.९ टक्के, फ्रीलंड ८, गूल्ड ३.२, बेलिस ३. इतकी एकतर्फी लढत पक्षाच्या तब्येतीला बरी नव्हे, असं मला तरी वाटतं. पहिल्याच फेरीत सगळं आटोपल्यामुळे कुणाचीच दुसरी पसंती मोजायची वेळ आली नाही.