पोटापाण्याचं काम, तेही पाण्यावर

बोटीवर राहते म्हटलं की लोक वाऱ्यावादळाबद्दल कमी आणि पोटापाण्याबद्दल जास्त विचारतात. रास्तच आहे. हल्ली प्रश्न बहुतेक असा असतो: "मला कोडिंग वगैरे येत नाही, मग बोटीवर राहून कमवायचं कसं?" कोडिंगवाले लोक बोटीवर सगळ्यात जास्त हवालदिल असतात, हे आधी सांगते. रोज सकाळी मीटिंग, दर तासाला मेसेज, आणि नेट गेलं की जीव वरखाली. मी मुद्रितशोधन करते आणि पुस्तकांच्या नामसूच्या (कोणतं नाव कुठल्या पानावर येतं त्याच्या शेवटी जोडायच्या याद्या) बनवते. माझ्या कामाला लॅपटॉप, पेन्सिल आणि आठवड्यातून दोनतीनदा नेट एवढं पुरतं.

काम घेताना मी एकच गोष्ट तपासते. मी चार दिवस गायब झाले तर कुणाचं काही अडेल का? अडणार असेल तर पैसे कितीही चांगले असोत, ते काम बोटीवरचं नाही. कौशल्याचा विचार त्यानंतर.

याच्या मुळाशी विजेचा हिशेब आहे. माझा लॅपटॉप साधारण ४० वॉट खातो. पाच तास काम केलं तर २०० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १७ अँपिअर-तास. १०० वॉटचं एक सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला २५-३० अँपिअर-तास देतं, म्हणजे ते भागतं. (चार्जर थेट १२ व्होल्टवर चालणारा घ्या. इन्व्हर्टरमधून फिरवलं की दहाएक टक्के वीज वाटेतच जाते.) आता त्यात उपग्रहावरून नेट देणारी स्टारलिंकची नेहमीची डिश चोवीस तास चालू ठेवा. ती ५० ते ७५ वॉट खाते, म्हणजे दिवसाला १०० ते १५० अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, त्यामुळे एवढ्या विजेसाठी दुप्पट क्षमतेची बॅटरी हवी, आणि ढगाळ दिवशी इंजिन चालवून ती भरायला डिझेल हवं. सतत ऑनलाइन राहायचं काम घेतलंत की निम्मी बोट त्या कामाच्याच सेवेला लागते. आमची डिश सकाळी तासभर चालते, मग बंद.

मुद्रितशोधन या चौकटीत नेमकं बसतं. प्रकाशकाकडून पीडीएफ एकदाच उतरवून घ्यायची. चित्रं हलकी करून पाठवा म्हणून आधीच सांगून ठेवायचं. मग नेटचा संबंध संपला. पीडीएफवर रंगीत खुणा करून ती परत पाठवायची म्हणजे सगळं वजन पुन्हा वर चढवायचं, म्हणून मी जुन्या पद्धतीचं शुद्धिपत्र साध्या मजकुरात लिहिते: "पान ४७, खालून ओळ ६: 'परिस्थीती' नको, 'परिस्थिती'." अख्ख्या पुस्तकाच्या दुरुस्त्या दहावीस किलोबाइटमध्ये मावतात.

हे किलोबाइट मोजणं कंजूसपणाचं वाटेल, पण इरिडियमच्या जुन्या उपग्रह-फोनवरून डेटा सेकंदाला २.४ किलोबिट वेगाने जातो. २० किलोबाइटला मिनिटाहून थोडं जास्त लागतं, एखाद्या मेगाबाइटच्या फोटोला तासभर. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट खातं, रोमन अक्षर एकच, त्यामुळे आपल्याला ही झळ जरा जास्तच बसते. उपाय सोपा: पाठवण्याआधी झिप करा, साधा मजकूर निम्म्याहून लहान होतो. आणि हो, हॅम रेडिओवरून फुकट ईमेल जाते म्हणून हुरळून जाऊ नका. हौशी रेडिओवर पैशाच्या कामाचा पत्रव्यवहार चालत नाही.

नामसूची हे माझं लाडकं काम. पुस्तकाची पानं पक्की झाली की ते सुरू होतं आणि नेटविना पूर्ण होतं. वरवर वाटतं संगणकात शोध दिला की झालं. पण एकच माणूस पान १२ वर आडनावाने येतो, ८० वर टोपणनावाने, आणि २१० वर नुसता "थोरले बंधू" म्हणून. तो तिन्ही ठिकाणी एकच आहे हे वाचणाऱ्यालाच कळतं. मी आधी कागदी चिठ्ठ्या करते, पेन्सिलीने. खाऱ्या दमट हवेत कागद सर्द होतो, त्यावर पेनची शाई फुटते, पेन्सिल मात्र मुकाट चालते. चिठ्ठ्यांचा डबा रबरबँडने बांधून ठेवायचा, नाहीतर एका हेलकाव्यात 'अ' ते 'ज्ञ' सगळे जमिनीवर.

बाकीची कामं थोडक्यात. शब्दकोडी रचणं छान, पण त्यावर घर चालत नाही. ध्वनिमुद्रणं ऐकून उतरवण्याचं काम आटलंय. पहिला खर्डा आता यंत्र करतं, माणसाला दुरुस्ती उरते. हिशेब लिहिणं चाललं असतं, पण सगळे हिशेब ऑनलाइन गेल्यापासून तेही नेटला बांधलं गेलं. अनुवाद उत्तम, फक्त शब्दकोश लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या.

शीड शिवण्याचं काम मात्र वेगळ्या जातीचं. बोटी नांगरून असतात तिथे मागणी हमखास, कारण उन्हाने शिडाच्या कापडाआधी टाक्यांचा दोरा कुजतो. झिगझॅग टाका घालणारं दणकट मशीन, मेणाचा दोरा आणि तळहाताला लावायचं चामडं असलं की झालं. पण परक्या देशाच्या बंदरात पर्यटक व्हिसावर शेजाऱ्याचं शीड पैसे घेऊन शिवलंत तर ती तिथली नोकरी धरली जाते आणि त्याला बहुतेक ठिकाणी मनाई असते. चौकशी केल्याशिवाय पाटी लावू नका.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: चालत्या बोटीत खाली बसून बारीक अक्षरं वाचणं म्हणजे बोट लागण्याला आमंत्रण. मी नांगर टाकल्यावरच काम करते. तिथेही लाटा बाजूने आल्या की बोट डुलत राहते. मग मागूनही एक नांगर टाकून बोटीचं तोंड लाटांकडे करून घ्यायचं. विजा चमकायला लागल्या की लॅपटॉप ओव्हनमध्ये. आजूबाजूचा धातू विजेपासून थोडाफार बचाव करतो म्हणतात. आमच्याकडे ओव्हन पेटवण्याआधी उघडून बघायचा नियम आहे, का ते ओळखा.

प्रकाशकांना मी कधी पोहोचणार हे सांगत नाही, काम कधी पाठवणार तेवढंच सांगते, आणि त्या तारखेतही आठवडाभराची ढील धरते. तारीख गाठायला म्हणून निघालेली बोट नको त्या हवेत सापडते. बहुतेकांना हे पटतं. ज्यांना दर सोमवारी व्हिडिओ कॉल हवाच असतो, त्यांना मी ओळखीच्या दुसऱ्या मुद्रितशोधकाचा नंबर देते. ती जमिनीवर राहते.